नवव्या गिरिनीवरचा राब

गुणाजी भोईर माळी नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते माळ्याच्या हातून झालंच नसतं. तो भाताचा माणूस. त्याच्या घरात भात सोडून दुसरं गवत कुणी मुद्दाम वाढवलं नव्हतं. पण कल्याणहून आंबिवलीकडे जाताना रुळाला लागून जो मोठा माळ होता, तो गोऱ्या साहेबांनी गोल्फ नावाच्या खेळासाठी घेतला आणि त्यांना तिथलं गवत राखायला एक माणूस हवा होता. गुणाजीला विळा चालवता येत होता, विहिरीजवळच्या खोपटात बायको आणि म्हाताऱ्या बापाला घेऊन राहायची त्याची तयारी होती, आणि तो साहेबाला घाबरत होता. तिसरा गुण बघूनच त्याला ठेवला असावा, असा माझा अंदाज आहे.

खेळ साधा होता. लांब काठीनं चेंडू मारत मारत न्यायचा आणि शेवटी जमिनीतल्या गलात घालायचा. गोट्या खेळताना खणतात तसाच गल, फक्त आत पत्र्याचा डबा आणि वर निशाण. असे नऊ गल त्या माळावर होते. गलाभोवतीची जागा सपाट लागते; तिला साहेब लोक ग्रीन म्हणत आणि गुणाजी गिरीन. त्यातल्या आठ गिरिनी नावालाच हिरव्या, कारण कल्याणच्या उन्हात गवत टिकेना म्हणून त्यांच्यावर चाळलेली वाळू पसरलेली असे. नववी मात्र खरी होती. क्लबाच्या बंगलीच्या ओट्यासमोर, दहा-बारा पावलं लांबरुंद, सगळी हरळीची, म्हणजे दूर्वांच्या जातीच्या गवताची. डनबार साहेबाचा तिच्यावर भारी जीव. हा साहेब रेल्वेत इंजिनेर होता आणि क्लबाचा कारभारही तोच बघे.

गुणाजीचा आठवडा त्या एका गिरिनीभोवती फिरे. सकाळी वेताच्या छडीनं दव झटकायचं, गांडुळांनी काढलेली माती झाडून टाकायची, मग उकिडवं बसून विळ्यानं हरळी अशी छाटायची की तिच्यात नख बुडू नये. त्यावर दगडी रूळ फिरवायचा. ऊन तापायच्या आत आणि उतरल्यावर विहिरीवरून कावडीनं पाणी घालायचं. दर तीन दिवसांनी गल बुजवून दुसरीकडे खणायचा. हे सगळं कशासाठी, तर साहेबाचा चेंडू वाटेत अडू नये म्हणून. गुणाजीनं यावर कधी प्रश्न विचारला नाही. प्रश्न विचारणाऱ्यातला तो नव्हताच.

त्याची भीती मात्र उगाच नव्हती. बारा वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांदेखत बापाला, दामाजीला, दोन शिपाई हात बांधून गावातून घेऊन गेले होते. दामाजीचा गुन्हा राबाचा. त्या मुलखात भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, झाडांच्या कोवळ्या डहाळ्या, पाला आणि माती यांचे थर रचून उन्हाळ्यात पेटवून देतात, त्याला राब म्हणतात. त्या आगीनं तण जळतं, जमीन भुसभुशीत होते आणि राखेवर पेरलेलं भात जोमानं वर येतं. राबाशिवाय भात करायचं कुणाला ठाऊकच नव्हतं. पण सरकारनं जंगल राखून ठेवलं, डहाळ्या तोडणं गुन्हा झालं आणि दामाजी डोक्यावरच्या भाऱ्यासकट सापडला. दोन महिने तुरुंगात काढून तो परतला तो अगदी निवांत होऊन, भ्यायचं होतं ते सगळं आतच उरकून आल्यासारखा. घरातली भीती गुणाजीकडे आली आणि तिथेच राहिली. शिपायाचा खाकी फेटा दिसला की आजही तो वाट सोडून आडोशाला जाई.

तर होळी होऊन आठवडा झाला होता आणि रविवार होता. डनबार साहेब आठ दिवस इगतपुरीला निघाला होता. पुढच्या रविवारी तो मुंबईचे पाहुणे घेऊन परत येणार आणि कपाचा सामना होणार. जाताना तो गिरिनीवर वाकला, दोन बोटांनी लव्हाळ्याची एक काडी उपटली आणि गुणाजीच्या नाकासमोर धरली. लव्हाळा हरळीत शिरला होता, जागोजागी.

क्लबाचे कारकून भाऊ टिपणीस बाजूला छत्री घेऊन उभे होते. साहेबाचं इंग्रजी मराठीत आणायचं काम त्यांचं. ते म्हणाले, "गुणाजी, साहेब म्हणताहेत, पुढच्या रविवारी यात एकही लव्हाळा दिसता कामा नये. कसं करायचं ते तू पाहा. लव्हाळा दिसला तर तू या मैदानात दिसणार नाहीस." शेवटचं वाक्य साहेबाचं होतं की भाऊंनी पदरचं घातलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता.

साहेबाची टमटम गेली आणि गुणाजी खुरपं घेऊन बसला. संध्याकाळपर्यंत त्यानं तीन पाट्या लव्हाळा काढला, बोटांची सालं निघाली. पण लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत खोल असतात. सोमवारी सकाळी दव झटकायला गेला तर तेवढेच हिरवे कोंब पुन्हा वर आलेले. सहा दिवस असे काढले तरी सातव्या दिवशी साहेब येणार आणि लव्हाळा तिथेच असणार, हे त्याला स्वच्छ दिसलं.

भ्यालेला माणूस डोक्यानं काम करत नाही, हातांनी करतो. आणि गुणाजीच्या हातांना तण मारायची एकच रीत माहीत होती. तबेल्यामागे शेणाचा ढीग होता, आंब्याखाली पाला साचलेला होता, कापलेल्या गवताची सुकी गंजी होती. झाडाची डहाळीही तोडायची गरज नव्हती, म्हणजे गुन्हाही नव्हता. त्यानं गिरिनीवर शेण पसरलं, त्यावर पाला, त्यावर गवत, वर मातीचा हात. बाप खोपटाच्या दारातून हे सगळं बघत होता. थोड्या वेळानं तो काठी टेकत आला.

"राब भाजतंस?" दामाजीनं विचारलं. त्या घराच्या बोलीत ळ नव्हता, त्याचा ल व्हायचा.

"व्हय."

"मंग हरलीचा काय?"

"हरली मुलावरनं येल. लव्हाला जलल."

"राबात निवडून जलत नाय, गुणाजी. जलला तं सगलाच जलतं."

"बाबा, तू गप बस. गिरिनीतला तुना काय कलतंय?"

म्हातारा काठी टेकत परत दाराशी गेला. गुणाजीनं वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवलं, म्हणजे आग हळूहळू, जमीन भाजत सरकेल. काम इतकं सुरेख झालं की त्याला अर्धा तास बरं वाटलं. दुपारी धूर ओसरला आणि गिरिनीच्या जागी काळं कुळकुळीत वर्तुळ उरलं. त्याच्या कडेला निशाणाची काठी तेवढी हिरव्या रंगाची.

तेव्हा त्याला समजलं. शेतकऱ्याला लव्हाळा तण आणि हरळीही तणच. जन्मभर त्यानं हरळीला शिव्या घालत बांधावरून खणून काढली होती. इथे पगार मिळतो तो हरळी जगवण्याचा, हे त्याच्या डोक्याला ठाऊक होतं, पण हातांपर्यंत ते कधी पोचलंच नव्हतं. हातांनी चोख काम केलं होतं. साहेबाच्या नवव्या गिरिनीवर आता गवताचं पातं नव्हतं. तो त्या गरम राखेच्या कडेला बसून राहिला.

धूर बघून भाऊ टिपणीस आले. त्यांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली.

"हे काय केलंस?"

"राब भाजला, भाऊसाब."

"साहेबांच्या ग्रीनवर?"

भाऊ चांगले शिकलेले, घरचे बरे, पण साहेबापुढे त्यांचीही बोबडी वळे. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बंगलीचे दरवाजे बंद असल्याची खात्री करून घेतली आणि हळू आवाजात म्हणाले, "हे मी पाहिलेलं नाही. मला ताप आहे. रविवारपर्यंत मी इकडे फिरकणार नाही." आणि ते झपाझप निघून गेले.

त्या दिवशी गुणाजी जेवला नाही. नोकरी जाईल, खोपट जाईल, हे तर होतंच. पण त्याच्या डोळ्यांपुढे येत होते ते दोन शिपाई आणि बापाचे बांधलेले हात. बापानं सरकारच्या चार डहाळ्या तोडल्या तर दोन महिने. यानं तर साहेबाची गिरीन जाळली होती. तो हिशेब त्यानं पुन्हा पुन्हा केला आणि दर वेळी महिने वाढत गेले.

दगडाबाई, त्याची बायको, चुलीपाशी बसून त्याच्याकडे बघत होती. ती घाबरणारी नव्हती. घाबरायला तिला वेळ नसे.

"आवो, राब भाजला ना?" ती म्हणाली.

"भाजला."

"मंग पेरा की. राब भाजल्यावर मानूस काय करतं?"

गुणाजीला वाटलं, हिचं डोकं फिरलं. पण दामाजी उठून बसला होता. मोड काढून भात पेरलं तर चौथ्या दिवशी हिरवं दिसतं, हे त्या घरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. लांबून साहेबाला काय, हिरवं ते हिरवं. नंतरचं नंतर. आढ्याला पेंढ्यात बांधलेली बियाण्याची मुडी टांगलेली होती. ती गुणाजीच्या भावाची, आंबिवलीच्या नाथाची, पावसाळ्यातल्या पेरणीसाठी सांभाळायला दिलेली. दगडाबाईनं ती खाली काढली आणि दिवेलागणीच्या आत भात कोमट पाण्यात भिजत पडलं.

मंगळवारी मैदानाच्या वाटेनं एक खाकी फेटा येताना दिसला. गुणाजी हातातली घागर टाकून आंब्याच्या बुंध्यामागे गेला. मग पळालो तर जास्तच संशय येईल असं वाटून बाहेर आला. शिपाई सरळ त्याच्याकडेच आला. काळ्या वर्तुळाकडे त्यानं बघितलं, गुणाजीकडे बघितलं आणि म्हणाला, "पाणी आहे का रे? फार ऊन आहे." गुणाजीनं पाणी घातलं ते अर्धं त्याच्या वहाणांवर. शिपाई पाणी प्यायला, मिशी पुसली आणि टिटवाळ्याच्या दिशेनं चालू लागला. तो नजरेआड झाल्यावरच गुणाजीनं तांब्या खाली ठेवला.

दामाजीनं भाताचा ताबा घेतला होता. भिजलेलं भात त्यानं पेंढ्यावर पसरलं, वर गोणपाट टाकलं, दर दोन-तीन तासांनी हात आत घालून ऊब बघितली, कोमट पाण्याचा शिपका मारला. बुधवारी दुपारी गोणपाट उचललं तर दाण्यादाण्याला पांढरा मोड. "मोड आयला बघ," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जे होतं ते गुणाजीनं बारा वर्षांत ऐकलं नव्हतं. संध्याकाळी म्हाताऱ्यानं स्वतः पेरलं. गुणाजी पेरायला गेला तर दर मुठीला वळून बंगलीकडे बघे आणि दाणे एकाच जागी सांडत. दामाजीच्या मुठीतून मात्र ते सारखे पडले, जिथे हवे तिथे. राखेवर म्हातारा अनवाणी, मागे सरकत, तोंडानं काहीतरी पुटपुटत चालला होता. इतक्या वर्षांनी त्याच्या पायाखाली राब आला होता. तो साहेबाच्या खेळाच्या मैदानात आला याचं त्याला काही वाटत नव्हतं.

गुरुवारी पाखरं आली. चिमण्या, होले, कुठून कुठून बातमी लागून आल्यासारखी. गुणाजी उजाडल्यापासून डबा वाजवत गिरिनीभोवती फिरत राहिला. बाकीच्या आठ गिरिनींवर वाळू फिरवायची राहिली, निशाणं धुवायची राहिली. प्रत्येक राहिलेलं काम त्याला दिसत होतं, पण डबा सोडला की पाखरं उतरत.

शुक्रवारी जमीन अजून काळीच. त्यानं गुडघ्यावर बसून, गाल जमिनीला लावून बघितलं. काहीच नाही. नखानं उकरलं तर मोड होता, पण पांढरा, वाकलेला, मातीतच. दोन दिवसांनी साहेब. गुणाजी खोपटात गेला आणि घोंगडीत एक धोतर आणि विळा बांधायला लागला.

दगडाबाईनं दारातून विचारलं, "कुठं निंगालास?" एरवी ती त्याला अहोजाहो करी; तेवढ्यापुरतं ते गळून पडलं.

"ठाऊक नाय. लांब."

"लांब कसा जाशील? रेल बी त्यांचीच हाय."

ते खरं होतं. गुणाजीनं गाठोडं सोडलं आणि तिथेच, बायकोसमोर, तो रडला. मोठ्या माणसानं असं रडायचं नसतं हे त्याला कळत होतं. दगडाबाईनं कावड उचलली आणि गिरिनीला पाणी घालायला ती स्वतः गेली.

शनिवारी सकाळी काळ्यावर हिरवं धुकं धरलं होतं. जवळ गेलं की सुया, लांबून बघितलं की अंथरलेली शाल. दुपारपर्यंत कोंब बोटाच्या अर्ध्या पेराएवढे झाले. गुणाजीनं पाणी तोडलं, रुळाला गोणपाट गुंडाळून तो अगदी हलक्या हातानं एकदा फिरवला, मधोमध गल खणला, निशाण रोवलं. मग बंगलीच्या ओट्यावर, जिथे साहेबाची खुर्ची असते तिथे, भीत भीत जाऊन उभा राहिला आणि तिथून बघितलं. इतकी सुंदर गिरीन त्या माळावर कधी नव्हती. त्याला थोडा धीर आला, आणि धीर आल्याचीच नवी भीती वाटली.

रविवारी भाऊ टिपणिसांचा ताप उतरला. साहेब आला, सोबत मुंबईचे दोन साहेब आणि एक मडम. डनबार ओट्यावर चढला, नवव्या गिरिनीकडे बघितलं आणि तोंडातली चिरूट काढली. तो भाऊंना काहीतरी बोलला. भाऊंचे डोळे आधीच विस्फारलेले होते, ते आणखी मोठे झाले.

"साहेब खूश आहेत," ते कुजबुजले. "गुणाजी, अरे, तू केलंस तरी काय?"

गुणाजी फक्त मान हलवत राहिला. मंडळी पहिल्या गलाकडे निघून गेली. नऊ गल फिरून यायला त्यांना दोन-अडीच तास लागत. ते अडीच तास गुणाजी विहिरीच्या काठावर बसला आणि लांबवर उडणारे पांढरे चेंडू बघत राहिला. आठवं निशाण ओलांडलं तेव्हा तो उठून उभा राहिला. भाताच्या खाली चार बोटं चिखल होता, हे पाहुण्यांना माहीत नव्हतं. त्याला होतं.

डनबारचा चेंडू उंच आला आणि गिरिनीच्या मधोमध पडला. पडला तिथेच राहिला. उसळी नाही, घरंगळणं नाही; अर्धा आत रुतून बसला. पाहुण्यांपैकी एकजण हसला. डनबार पुढे आला, त्याचा बूट रुतला, त्यानं खाली बघितलं. वाकून त्यानं चेंडू उचलला आणि त्याच्याबरोबर चिमूटभर रोपं आली. रोपांच्या मुळाशी भाताची टरफलं चिकटलेली होती. त्याची बोटं राखेनं काळी झाली. टरफल त्यानं नखानं सोललं आणि डोळ्यांजवळ नेलं.

साहेब हळू आवाजात काहीतरी बोलला. ओरडला असता तर बरं, असं गुणाजीला वाटलं.

"साहेब विचारताहेत, हे कुणी केलं?" भाऊ म्हणाले.

गुणाजीला उत्तर द्यायचं होतं. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही, पण खरंच द्यायचं होतं. त्यानं डोक्याचं फडकं सोडलं आणि तो ते पुन्हा बांधायला लागला.

"गुणाजी, कुणी केलं?" भाऊंनी दुसऱ्यांदा विचारलं.

"मी केला," मागून आवाज आला.

दामाजी काठी टेकत विहिरीकडून येत होता. गिरिनीच्या कडेला येऊन तो थांबला. रोपं तुडवायची नाहीत म्हणून आत आला नाही. "राब मी भाजला, पेरला बी मी. पोर नाय म्हनत व्हता. मीच आयकला नाय."

भाऊंनी गुणाजीकडे पाहिलं. सोमवारी राखेच्या कडेला कोण बसलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. गुणाजीनं आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता, "नाय" एवढाच. त्याला शिपाई दिसले, बांधलेले हात दिसले, आणि ते हात त्याचे होते. तो गप्प राहिला. भाऊ घसा खाकरून इंग्रजीत बोलले.

साहेबाचा निकाल लांबलचक नव्हता. म्हाताऱ्यानं आजच्या आज मैदानाची हद्द सोडावी, पुन्हा आत दिसू नये. हे सगळं उपटून हरळी पुन्हा धरावी. एवढं सांगून साहेब बूट पुसायला ओट्याकडे गेला. थोड्या वेळानं तिथून काटे-चमच्यांचा आवाज यायला लागला.

दामाजीचं सामान म्हणजे घोंगडी, चिलीम आणि एक तांब्या. निघताना त्यानं गुणाजीला जवळ बोलावलं. गुणाजीला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार, आणि त्याची त्यालाही भीती वाटली.

"पानी घालू नको आता," म्हातारा म्हणाला. "भात उपट, मंग चार दीस सुकू दे. हरली खोल हाय, ती येल."

"बाबा..."

"मना काय रं. मी आत जाऊन आयलेला मानूस. नाथाकडं ऱ्हाईन."

दगडाबाई सासऱ्याचं गाठोडं घेऊन त्याला रुळापर्यंत सोडायला गेली. परत आली तेव्हा ती नवऱ्याशी बोलली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती कामापुरतंच बोले.

सोमवारी गुणाजी गिरिनीवर बसून रोपं उपटत होता. भाऊ टिपणीस छत्री घेऊन आले आणि बराच वेळ उभे राहिले.

"तू का रे बोलला नाहीस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुरुंगात घातला असता, भाऊसाब."

"तुरुंगात? गवतासाठी?" भाऊ त्याच्याकडे बघत राहिले. "अरे, ते पाहुणे काल जेवताना हसून हसून लोळत होते. साहेबही हसले शेवटी. तुला दोन शिव्या घातल्या असत्या आणि विसरले असते. या उन्हात हरळी जगवणारा दुसरा माणूस ते कुठून आणणार होते? म्हातारा त्यांच्या कामाचा नव्हता, म्हणून त्याला काढलं."

गुणाजीच्या हातात रोपांची जुडी होती. ती त्यानं खाली ठेवली.

"तुमी तं बगितला व्हतात," तो म्हणाला. "तुमी सांगायचा."

"मी?" भाऊंनी छत्री मिटली. "मलाही भीती वाटली."

मग भाऊ कचेरीत गेले आणि गुणाजीनं उरलेलं भात उपटून टाकलं.

म्हातारा म्हणाला होता तसंच झालं. दहाव्या दिवशी काळ्यातून हरळीचे कोंब आले. लव्हाळा आठव्याच दिवशी आला होता. पाडवा होऊन गेला होता, ऊन वाढलं, गुणाजीचा आठवडा पुन्हा सुरू झाला: दव, विळा, रूळ, कावड. आंबिवली तासाभराच्या वाटेवर. जावं असं त्याच्या रोज मनात येई. बापाला घेतल्याशिवाय परतायला तोंड नव्हतं, आणि घेऊन यायची छाती नव्हती, म्हणून तो गेलाच नाही.

एका सकाळी दामाजीच आला. कल्याणच्या बाजाराला निघाला होता. हद्दीच्या दगडापाशी तो थांबला, दगडाच्या पलीकडे, काठीवर दोन्ही हात ठेवून. गिरीन तिथून वीस पावलांवर होती. गुणाजी विळा हातात धरून उकिडवा बसला होता.

"आयली का हरली?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आयली."

"आन् लव्हाला?"

"तो बी आयला."

दामाजी हसला. ऊन चढलं होतं, त्याच्या कपाळावर घाम होता. गुणाजीनं मागे वळून बंगलीकडे बघितलं. ओटा रिकामा होता, दरवाजे बंद होते, साहेब आठवडाभर येणार नव्हता आणि भाऊ टिपणीसही आलेले नव्हते. मैदानात चिटपाखरू नव्हतं. 'आत ये, सावलीत बस' एवढंच म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं, पुन्हा एकदा ओट्याकडे बघितलं आणि मिटलं.

दगडाबाई विहिरीवरून तांब्या भरून आली, गिरिनीच्या कडेनं गेली, हद्दीचा दगड ओलांडून पलीकडे उभी राहिली आणि तिनं सासऱ्याच्या ओंजळीत पाणी घातलं. गुणाजी खाली वाकला आणि हरळी कापायला लागला.